बालाघाटावरच्या शहरात घरबाजाराची महिन्याची नोंद कशी ठेवायची: अंबाजोगाईचा नमुना

अंबाजोगाईत प्लॉटचा भाव काय चाललाय, हे पाच जणांना विचारलं तर पाच आकडे मिळतात. विकणारा मनातला आकडा सांगतो, घेणारा रजिस्ट्रीत लिहिलेला सांगतो, मध्यस्थ सौदा जमेल असा सांगतो, बँकेचा व्हॅल्युअर कर्जाला पुरेल तेवढा सांगतो आणि रेडीरेकनरमध्ये, म्हणजे मुद्रांकासाठीच्या सरकारी दरतक्त्यात, पाचवाच छापलेला असतो. मोठ्या शहरांचे अहवाल दर तिमाहीला निघतात. आपल्याकडे ते कुणी काढत नाही. म्हणून निवृत्तीची रक्कम किंवा दोन हंगामांचं उसाचं बिल एका प्लॉटमध्ये घालणारा माणूस ऐकीव भावावर सही करून मोकळा होतो. दोनशे पानी वही, महिन्याला आठ-दहा तास आणि सहा महिन्यांचा धीर असेल तर ही नोंद कुणालाही ठेवता येते. एजंट, दस्तलेखक, वकील, पतसंस्थेतला कर्ज अधिकारी, नाहीतर स्वतःसाठी घर शोधणारं कुटुंब, सगळ्यांना ती उपयोगी पडते.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करा: छोट्या शहरात भाव सगळ्यात शेवटी हलतो. बाजार मंदावला की इथला विकणारा भाव उतरवत नाही, तो थांबतो. प्लॉटवर बहुतेकदा कर्ज नसतं, हप्त्याचा तगादा नसतो, आणि ‘जमीन कुठं पळून जातीय का’ हा विचार पक्का असतो. त्यामुळे आधी रजिस्ट्र्या कमी होतात, मग बयाणा ते रजिस्ट्री यातला काळ लांबतो, मग हप्ते पाडून देणं सुरू होतं, मग मागितलेला आणि ठरलेला भाव यातली फट वाढते, आणि कितीतरी महिन्यांनी मागणीचा भाव खाली येतो. वहीतले रकानेही याच क्रमाने ठेवा. फक्त भाव लिहीत बसलात तर मंदी येऊन वर्ष झालं तरी कळणार नाही.

आधी शहराचे तुकडे पाडा

‘अंबाजोगाईचा भाव’ असा एक आकडा नसतो. योगेश्वरी मंदिर आणि मंडी बाजाराकडचं जुनं गाव वेगळं: लहान मिळकती, अरुंद बोळ, भावकीच्या वाटण्या, नगरभूमापनाची मिळकत पत्रिका. स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याच्या रुग्णालयाभोवतीचा पट्टा वेगळा. तिथं घराची किंमत किरायावर ठरते. मोरेवाडी, जोगाईवाडी, चनई ही शहराला चिकटलेली गावं पुन्हा वेगळी. डोळ्यांना ती शहरच दिसतात, पण जिथं ग्रामपंचायतीची हद्द आहे तिथं नमुना आठ (ग्रामपंचायतीचा मिळकतीचा उतारा), बांधकाम परवानगी आणि नळाचं पाणी या सगळ्यांचा हिशेब बदलतो. चौथा पट्टा लातूर, परळी आणि केज रस्त्यांवरच्या नव्या लेआउटचा.

यात मालमत्तेचे प्रकार मिसळले की रकाने वाढत जातात: एनए (बिगरशेती परवाना असलेल्या) लेआउटमधला प्लॉट, गुंठेवारीतला (मंजुरीशिवाय गुंठ्यागुंठ्याने पाडलेला) प्लॉट, स्वतंत्र बांधलेलं घर, फ्लॅट. चार पट्टे आणि चार प्रकार म्हणजे सोळा रकाने, आणि त्यातले दहा दर महिन्याला कोरे. सहापेक्षा जास्त रकाने ठेवू नका. ज्या रकान्यात वर्षाला दहा सौदेही होत नाहीत, तो शेजारच्यात मिसळा.

डोंगरमाथ्यावरच्या शहरात आणखी एक खूण प्रत्येक नोंदीपुढे हवी: जमीन कशी आहे. मुरमाची ‘मु’, काळ्या मातीची ‘का’, उताराची ‘उ’. ही तीन अक्षरं गाळली तर दोन शेजारच्या प्लॉटच्या भावातला फरक कधीच समजत नाही. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून पाया मुरूम लागेपर्यंत खाली न्यावा लागतो. खडकाळ माथ्यावर पाया स्वस्तात होतो, पण शोषखड्डा आणि सेप्टिक टँकला ब्रेकर लावावा लागतो. उताराचा हिशेब तर कागदावरच करता येतो. ३० × ४० चा प्लॉट एका टोकाला सपाट आणि दुसऱ्या टोकाला ४ फूट खाली असेल तर भरावाची सरासरी उंची २ फूट. १,२०० चौरस फूट गुणिले २ म्हणजे २,४०० घनफूट, म्हणजे २४ ब्रास. मुरूम दबतो, म्हणून प्रत्यक्षात २८ ते ३० ब्रास मागवावा लागतो, आणि खालच्या बाजूला दगडी किंवा काँक्रीटची आधारभिंत वेगळी. त्या महिन्याचा मुरमाचा आणि भिंतीचा दर लावून ही रक्कम प्लॉटच्या भावात मिळवा आणि मगच सपाट प्लॉटशी तुलना करा. ‘उताराचा प्लॉट स्वस्तात गेला’ असं म्हणतात, त्यातला बराच स्वस्तपणा या भरावात जिरलेला असतो.

रजिस्ट्र्या मोजणं

दुय्यम निबंधक कार्यालयात दस्तांना १ जानेवारीपासून ओळीने क्रमांक पडतात आणि क्रमांकापुढे वर्ष येतं. महिन्याचं मोजमाप याच क्रमांकांतून निघतं. महिन्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी नोंदलेल्या पहिल्या दस्ताचा क्रमांक आणि शेवटच्या दिवसाच्या शेवटच्या दस्ताचा क्रमांक मिळवा. समजा पहिला २,१४० आणि शेवटचा २,४१५. वजाबाकी करून एक मिळवा: २७६ दस्त. दस्तलेखकाकडे किंवा मुद्रांक विक्रेत्याकडे रोजचे कागद हाताखालून जातात, त्यांच्याकडून हे दोन आकडे सहज मिळतात.

पण २७६ दस्त म्हणजे २७६ घरं नव्हेत. त्यात तालुक्यातली शेतजमीन आहे, गहाणखत, बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र, मुखत्यारपत्र आहे. म्हणून हा आकडा नाडी म्हणून वापरा, मोजणी म्हणून नको. नाडी नेहमीपेक्षा पाचव्या हिश्शाने खाली-वर झाली तर खोलात जायचं. एका कार्यालयाच्या हद्दीतला दस्त दुसऱ्या कार्यालयात नोंदवायची सोय असेल तिथं थोडी गळतीही धरा.

खरी मोजणी नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर होते. तिथं ‘या महिन्यातले सगळे दस्त दाखवा’ असं विचारता येत नाही. वर्ष, जिल्हा, तालुका, गाव आणि मिळकतीचा क्रमांक द्यावा लागतो. म्हणून एकदाच बसून शहर आणि लगतच्या गावांतले २५ ते ३० सर्व्हे नंबर निवडा, ज्यांच्यावर लेआउट पडलेत. ही यादी वर्षभर बदलू नका. पुढच्या महिन्याच्या १० तारखेनंतर एकेक नंबर टाका. आधी बसलात तर शेवटच्या आठवड्यातले दस्त सुटतात. १२ नंबर टाकला की सर्व्हे नंबर १२ बरोबर प्लॉट नंबर १२ आणि घर नंबर १२ सुद्धा येतात. मिळकतीचं वर्णन वाचूनच नोंद घ्या.

आता सूची क्रमांक दोन, म्हणजे ज्याला सगळे इंडेक्स टू म्हणतात, तो कागद समोर ठेवा. वरच्या बाजूला दस्त क्रमांक आणि वर्ष. खाली पहिल्या ओळीत विलेखाचा प्रकार: ‘खरेदीखत’ असेल तरच पुढे जा. दुसऱ्या ओळीत मोबदला, तिसऱ्या ओळीत बाजारभाव, चौथ्यात मिळकतीचं वर्णन, पाचव्यात क्षेत्रफळ, नवव्यात दस्त करून दिल्याची तारीख, दहाव्यात नोंदणीची तारीख. सातव्या-आठव्या ओळीत पक्षकारांची नावं असतात. ती वहीत उतरवू नका. बाजाराच्या हिशेबाला त्यांचा काही उपयोग नाही आणि लोकांचे व्यवहार चर्चेत आणायचा आपल्याला अधिकार नाही.

दुसरी आणि तिसरी ओळ एकत्र वाचा. बाजारभाव हा रेडीरेकनरवरून काढलेला असतो, मोबदला पक्षकारांनी लिहिलेला. दोन्ही आकडे सारखे असतील, किंवा मोबदला जेमतेम हजार-दोन हजारांनी वर असेल, तर तो मुद्रांकापुरता लिहिलेला भाव समजा. अशा दस्तातून संख्या घ्या, क्षेत्रफळ घ्या, भाव घेऊ नका. बँकेच्या कर्जावर झालेल्या खरेदीत मोबदला सहसा खऱ्याच्या जवळ असतो, कारण कर्ज त्या आकड्यावर ठरतं. महिन्यात भाव घेण्यालायक दस्त दहातले तीनच निघाले तरी हरकत नाही. दहाही घेऊन काढलेल्या सरासरीपेक्षा ते तीन जास्त भरवशाचे.

नवव्या आणि दहाव्या ओळीतलं अंतरही पाहा. दस्तावर सही झाल्यापासून नोंदणीला कायद्याने चार महिन्यांची मुभा आहे. हे अंतर एरवी शून्य ते दोन दिवसांचं असतं. ते वाढत चाललं तर पैसे अडकलेत किंवा कागद अडकलाय.

रेडीरेकनरबद्दल थोडं. दर १ एप्रिलपासून लागू होतो आणि चौरस मीटरमध्ये असतो. चौरस फुटाचा काढायला १०.७६४ ने भागा. २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन वर्षांत राज्याने दर बदलले नाहीत. १ एप्रिल २०२५ पासून राज्याची सरासरी वाढ ३.८९ टक्के होती. म्हणजे सलग दोन वर्षं लोकांनी जुन्याच आकड्यावर दस्त केले आणि कागदोपत्री भाव ‘स्थिर’ दिसला. या तक्त्याला बाजार समजणाऱ्याची फसगत इथंच होते.

भाव कुणाला आणि कसा विचारायचा

भावासाठी तीन-चार मध्यस्थ, दोन दस्तलेखक आणि जमल्यास बँकेच्या पॅनलवरचा एक व्हॅल्युअर धरा. ‘भाव काय चाललाय’ असं विचारलं की मोघम उत्तर मिळतं. प्रश्न नेहमी एकच ठेवा: ‘भाऊ, या महिन्यात तुमच्या हातून बयाणा झालेला शेवटचा प्लॉट कुठला? किती बाय किती? मागितले किती होते, तुटला कितीला, आणि पैसे किती दिवसांत द्यायचेत?’ शेवटच्या दोन तुकड्यांतच खरी माहिती असते. एकाच सौद्यात दोन मध्यस्थ असतात आणि दोघंही तो सांगतात. लेआउट आणि प्लॉट नंबर जुळवून दुबार नोंद काढून टाका.

क्षेत्रफळाचं माप एक करा. लेआउटमध्ये चौरस फूट, गावालगतच्या तुकड्यात गुंठा, शेतीत एकर. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, चाळीस गुंठ्यांचा एकर. पण गुंठ्याने घेतलेल्या जागेतून रस्ता आणि मोकळी जागा सोडावी लागते, त्यामुळे गुंठ्याच्या भावाला १,०८९ ने भागून लेआउटच्या भावाशेजारी ठेवणं चूक आहे. फ्लॅटचा भाव कार्पेटवरच, म्हणजे भिंतींच्या आतल्या वापराच्या जागेवरच लिहा. बिल्टअप आणि सुपर बिल्टअपमध्ये जिन्यापासून पार्किंगपर्यंत काहीही भरलेलं असतं.

आता सरासरी. ती काढू नका, मध्यक काढा. रीत समजावी म्हणून कल्पित आकडे घेऊ: महिन्यात सात प्लॉट चौरस फुटाला ९५०, १,०५०, १,१००, १,१५०, १,२००, १,२५० आणि २,६०० रुपयांनी गेले. शेवटचा रस्त्यावरचा कोपरा आहे. सरासरी १,३२९ येते, आणि त्या भावाच्या आसपास एकही प्लॉट गेलेला नाही. चढत्या क्रमात मधला आकडा १,१५०, तोच लिहा. पुढच्या महिन्यात कोपऱ्याचा प्लॉट विकला गेला नाही की सरासरी धाडकन खाली येईल आणि गावात ‘भाव पडले’ अशी आवई उठेल. मध्यक जेमतेम हलेल. एका रकान्यात पाचपेक्षा कमी सौदे असतील तर त्या महिन्याचा वेगळा आकडा काढायचाच नाही, मागचे दोन महिने जोडून तीन महिन्यांचा मध्यक काढायचा.

पैसे किती दिवसांत द्यायचे, हा रकाना बहुतेक जण सोडून देतात, आणि मंदी नेमकी तिथंच लपते. १,२०० चौरस फुटांचा प्लॉट १,००० रुपयांनी, म्हणजे १२ लाखांना ठरला. ३ लाख आत्ता, ९ लाख एका वर्षाने, बिनव्याजी. वर्षाला ९ टक्के व्याज धरलं तर ते ९ लाख आजच्या हिशेबाने सुमारे ८ लाख २५ हजार ७०० होतात. म्हणजे खरा सौदा ११ लाख २५ हजार ७०० चा, चौरस फुटाला ९३८ रुपये. तोंडावरचा भाव जसाच्या तसा राहिला आणि प्रत्यक्षात सहा टक्क्यांनी उतरला. ‘एक वर्षाची मुदत’, ‘पीक आल्यावर राहिलेले’ असले करार महिन्याला वाढत गेले तर भाव उतरतोय, असंच वहीत लिहा.

साठा आणि थांबलेले दिवस

महिन्यातून एकदा ठरलेल्या वाटेने फिरा आणि ‘विकणे आहे’ चे बोर्ड मोजा. वाट तीच, वार तोच. बोर्ड पहिल्यांदा दिसला तो महिना लिहून ठेवा. व्हॉट्सअॅप गटांवरच्या जाहिराती यात मिळवू नका. एकच प्लॉट पाच नंबरांवरून फिरत असतो.

विक्रीला असलेले प्लॉट भागिले मागच्या तीन महिन्यांची सरासरी विक्री, म्हणजे किती महिन्यांचा साठा. ८४ प्लॉट आणि महिन्याला ७ विक्री, तर १२ महिने. मोठ्या शहरात हा आकडा धोक्याचा मानतील. इथं प्लॉट ही बचत आहे, लोक बोर्ड लावून वर्षभर निवांत बसतात, म्हणून १२ ते १८ महिने नेहमीचे समजायला हरकत नाही. बांधलेल्या तयार घरांचा साठा मात्र सहा-सात महिन्यांच्या वर गेला तर सावध व्हा, कारण तिथं बांधणाऱ्याचं कर्ज चालू असतं. नवा पुरवठा पाहायचा तर महारेराच्या (बांधकाम प्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर तालुक्याचे प्रकल्प चाळा. जागा ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी आणि घरंही आठपेक्षा जास्त असतील तर नोंदणी बंधनकारक आहे, प्लॉटच्या लेआउटलाही.

पुढची चाहूल हवी असेल तर दैनिकांतल्या वकिलांच्या जाहीर नोटिसा कापून ठेवा. ‘आमचे अशील खालील चतुःसीमेची मिळकत खरेदी करीत आहेत, कुणाची हरकत असल्यास...’ ही नोटीस बयाणा झाल्यावर आणि रजिस्ट्रीच्या आधी येते. नोटिसा घटल्या की पुढच्या महिन्या-दोन महिन्यांत रजिस्ट्र्या घटणार. शेजारच्या पानावर बँकांच्या २००२ च्या सरफेसी (थकीत कर्जाच्या वसुलीच्या) कायद्याखालच्या ताबा आणि लिलावाच्या नोटिसा असतात. त्यांची संख्याही टिपा. लिलावाची राखीव किंमत भावाच्या रकान्यात घालू नका.

किराया

किरायाची आकडेवारी जास्त प्रामाणिक असते, कारण त्यात लपवायला फारसं काही नसतं. सिंगल रूम, वन रूम किचन, टू रूम किचन आणि स्वतंत्र घर असे चार रकाने पुरे. लेखी करार ११ महिन्यांचा असतो, म्हणून जुन्या भाडेकरूचा किराया विचारू नका. या महिन्यात नव्याने आलेल्याने किती ठरवला ते विचारा. डिपॉझिट वेगळं, लाइटबिल आणि पाणी किरायात आहे की नाही तेही वेगळं लिहा. उन्हाळ्यात टँकर कुणी आणायचा यावर महिन्याला हजार रुपयांचा फरक पडू शकतो.

किंमत आणि किराया यांचा मेळ पाहा. ३० लाखांचं घर ७,००० ने जात असेल तर वर्षाचे ८४,००० झाले, म्हणजे २.८ टक्के. किराया हलला नाही आणि किंमत मात्र दोन वर्षं चढत गेली, तर ती चढण राहणाऱ्यांच्या मागणीची नाही, साठवणाऱ्यांच्या पैशाची आहे. रुग्णालयाजवळच्या पट्ट्यात हे प्रमाण नेहमी जास्त राहतं. तो आकडा सगळ्या शहराला लावू नका.

पंचांग आणि पीक समजल्याशिवाय महिना समजत नाही

मागच्या महिन्याशी तुलना इथं जवळपास निरुपयोगी आहे. जून-जुलैत पैसा पेरणीत गुंततो. पितृपक्षात बयाणासुद्धा कुणी देत नाही. सोयाबीन दिवाळीच्या आसपास बाजारात येतं, उसाची बिलं हिवाळ्यापासून पुढे. मार्चअखेर नवा रेडीरेकनर लागायच्या आत रजिस्ट्री उरकायची घाई, आणि एप्रिलात सुनसान. मार्च चांगला आणि एप्रिल वाईट, असं दरवर्षी दिसणार. त्यावरून काही ठरवू नका.

म्हणून गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडा. तरीही एक खोट राहते: सण सरकतात. लक्ष्मीपूजन २०२४ मध्ये १ नोव्हेंबरला होतं आणि २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला. ऑक्टोबरची ऑक्टोबरशी तुलना केली तर खोटी तेजी दिसेल. ऑक्टोबर-नोव्हेंबर नेहमी जोडून धरा, मार्च-एप्रिलही तसेच, कारण गुढीपाडवा या दोन महिन्यांत इकडून तिकडे जातो. अधिक महिना आला की मुहूर्त पाहणारे थांबतात. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून आहे, तेव्हा त्या दोन महिन्यांपुढे तशी खूण करा. सहा-सात वर्षांमागे जाणार असाल तर १ सप्टेंबर २०२० ते ३१ मार्च २०२१ हा काळ बाजूला ठेवा. तेव्हा मुद्रांक शुल्कात आधी तीन आणि मग दोन टक्क्यांची सूट होती, आणि पुढच्या कित्येक महिन्यांच्या रजिस्ट्र्या त्यात उरकल्या गेल्या.

पानाच्या कडेला तीन बाहेरचे आकडे लिहीत चला. लातूर बाजार समितीतला सोयाबीनचा महिन्याचा भाव, हमीभावाशेजारी ठेवून. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे. दुसरा, केज तालुक्यातल्या धनेगावच्या मांजरा धरणाचा जिवंत साठा. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, आणि अंबाजोगाईची तहानही याच धरणावर आहे. धरण तळाला गेलं की बोअरला पाणी असलेलं घर आणि नुसता नळ असलेलं घर यांच्या भावातली फट रुंदावते. उंचावरच्या वस्तीत नळाचा दाब आधीच कमी असतो. तिसरा, गृहकर्जाचा दर. २० लाखांचं कर्ज २० वर्षांसाठी ८.५ टक्क्यांनी घेतलं तर हप्ता १७,३५६ रुपये, ८ टक्क्यांनी १६,७२९. महिन्याला ६२७ रुपयांच्या फरकाने प्लॉट विकला जात नाही, पण पगारदार माणसाचा फ्लॅट किंवा रो हाऊस विकलं जातं.

हिशेबाबाहेर ठेवायचे सौदे

भावकीतली खरेदी, बहिणीच्या हिश्शाची खरेदी, आणि एकाच दिवशी एकाच लिहून देणाऱ्याकडून झालेले दहा दस्त हे मध्यकात नकोत. विकासकाने नातेवाइकांच्या नावे प्लॉट फिरवले की असे गठ्ठे दिसतात.

मराठवाड्यात आणखी एक जपायचं आहे: जमिनीचा जुना दर्जा. निजामाच्या काळातल्या इनाम जमिनी, मदतमाश (उदरनिर्वाहासाठी दिलेल्या) आणि खिदमतमाश (देवस्थानच्या सेवेसाठी दिलेल्या), यांच्यावर शहरं पसरली आहेत. सातबारावर भोगवटादार वर्ग दोन, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन, असेल तर तो प्लॉट स्वस्त असणारच. मदतमाश जमिनी ५ टक्के नजराणा भरून वर्ग एक करण्याची सोय राज्याने २०२४ मध्ये आणली. ज्या सर्व्हे नंबरात ते काम झालं तिथला भाव एकदम चढतो. ती बाजाराची तेजी नाही, कागद साफ झाल्याची किंमत आहे. देवस्थानच्या खिदमतमाश जमिनीचे नियम वेगळे आहेत, दोन्हींची गल्लत करू नका. शंका आली की १९५४-५५ चं खासरापत्रक, म्हणजे तेव्हाची जमिनीची सरकारी नोंद, काढून घ्या.

गुंठेवारीचंही तसंच. २००१ च्या कायद्याखाली नियमित झालेले आणि न झालेले प्लॉट एका रकान्यात बसत नाहीत. २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना वाट मिळाली. अशी वाट मोकळी झाली की वर्षानुवर्षं बॉण्डवर पडून असलेले जुने सौदे एकदम रजिस्ट्रीला येतात. दस्तांची संख्या फुगते, मोबदल्यात जुनाच भाव असतो. त्या महिन्यात विक्री वाढली आणि भाव पडला, असं चित्र दिसेल; दोन्ही चूक. असे दस्त वेगळ्या शाईने लिहा.

ताळा आणि महिन्याचं पान

तयार घराचा भाव खरा वाटतो का, याचा एक सोपा ताळा आहे. १,००० चौरस फुटांच्या आरसीसी घराला ढोबळमानाने ४०० पोती सिमेंट आणि साडेतीन ते चार टन लोखंड लागतं. त्या महिन्याचे स्थानिक दर लावून, वाळू किंवा क्रशसँड, विटा आणि मजुरीसह बांधकामखर्च काढा, त्यात त्या पट्ट्यातल्या प्लॉटचा मध्यक मिळवा. सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झाला, तेव्हा जुने दर चालणार नाहीत. तयार घरं या बेरजेपेक्षा कमीत जाऊ लागली तर नवं बांधून विकणारे हात आखडतील आणि वर्षभरात तयार घरांचा साठा आटेल.

महिन्याचं पान पुढच्या महिन्याच्या १५ तारखेला बंद करा. वर महिन्याचं नाव. खाली दस्तांची नाडी, निवडलेल्या सर्व्हे नंबरांतली खरेदीखतं, बयाणा ते रजिस्ट्रीचे दिवस, मागणी आणि तुटलेल्या भावातली टक्केवारी, रकानेवार मध्यक आणि त्यापुढे कंसात सौद्यांची संख्या, साठ्याचे महिने, किराया. संख्या न लिहिलेला मध्यक कुणाला दाखवू नका; तीन सौद्यांचा आकडा आणि तीस सौद्यांचा आकडा कागदावर सारखाच रुबाबदार दिसतो. उशिरा हाती आलेले दस्त पेन्सिलने मागच्या पानावर चढवा, जुना आकडा खोडू नका, त्याच्या शेजारी नवा आकडा आणि तारीख लिहा. सहा पानं भरली की पहिल्या पानावरचे किती आकडे बदलले ते मोजा. दहातले दोनपेक्षा जास्त बदलले असतील तर पान १५ ऐवजी २५ तारखेला बंद करत जा.